आबांचा आवाज

कांचन बोरस्तेनं चहाचा उरलेला घोट संपवला, गळ्याला पट्टी लावली, कपाळावरची बट मागे सारली आणि खर्जातल्या, किंचित घोगऱ्या पुरुषी आवाजात म्हणाली, "हं, बोला. विश्राम शेवाळे बोलतोय."

पलीकडचा माणूस भांडायच्या तयारीनंच बसला होता. "ए, कोण तू? कितीदा फोन करायचा रे तुमच्या त्या..." एवढं बोलेपर्यंत त्याच्या डोक्यात उजेड पडला. "आबा? तुम्ही? स्वतः? नाही, तसं विशेष काही नाही. आमच्याकडची विजेची डीपी जळालीय. सवडीनं बघा, घाई नाही."

"सवडीनं कशाला? आत्ता सांगतो साहेबांना. मी बसलोय ना इथं."

"हो आबा. जेवलात का आबा?"

"जेवलो, जेवलो," कांचन म्हणाली. तिचा डबा टेबलावर तसाच होता, आणि आमदार विश्राम शेवाळे, म्हणजे साऱ्या तालुक्याचे आबा, त्या वेळी मुंबईत कुठल्याशा समितीच्या बैठकीत डुलक्या काढत होते.

आता यात फसवणूक कुठे आहे, असं तुम्ही कार्यालयात कोणालाही विचारलं असतं, तर त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं असतं. भिंतीवर सरळ पाटी लावली होती: 'या कार्यालयातून बोलणारा आवाज अधिकृत आहे.' अक्षरं जरा बारीक होती, एवढंच. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटे, लाउडस्पीकरच्या परवान्याचं काहीतरी असेल.

पट्टीचं नाव 'स्वरछत्र'. बोटभर रुंद, कातडीच्या रंगाची, गळ्याच्या घाटीवर चिकटून बसणारी. बोलताना स्वरयंत्राचे स्नायू जसे हलतात, तशी ती त्यांची हालचाल टिपायची आणि तेच शब्द दुसऱ्याच्या आवाजात फोनमध्ये सोडायची. हवं तर तिच्यातल्या बारीकशा स्पीकरमधूनही तोच आवाज निघे. नुसता आवाज नाही, तर आबांचं ते "हं, बोला", वाक्याआधीचा श्वास, मध्येच घसा खाकरणं, सगळं. सुरुवातीला कांचनला हसूच आवरत नसे. मग सवय झाली. सवय कशाची होत नाही माणसाला!

आणि ही पट्टी काही आबांनी लबाडीसाठी आणलेली नव्हती. ती आली होती कांचनसारख्यांच्या भल्यासाठी. आमदाराच्या कार्यालयात काम केलं नाही त्याला हे कळायचं नाही. लोकांचा राग असतो आमदारावर, आणि तो निघतो पीएवर. तेच लोक आमदार समोर आले की हार घालतात, फोटो काढतात. दिलावरभाई शेख, आबा सरपंच होते तेव्हापासूनचे त्यांचे स्वीय सहायक, त्यांना एकदा टँकरच्या पाण्यावरून एका गावपुढाऱ्यानं भर कार्यालयात कानाखाली वाजवली होती. तेव्हापासून डाव्या कानानं त्यांना धड ऐकू येत नाही. दुसऱ्या दिवशी तोच पुढारी आबांच्या पाया पडून गेला. दिलावरभाईंनीच त्याला चहा दिला.

असे प्रकार सगळीकडेच वाढले, माणसं नोकऱ्या सोडायला लागली, तेव्हा कुठे वरच्यांना जाग आली आणि लोकप्रतिनिधींच्या कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांसाठी 'पाठबळ केंद्र' निघालं. मन मोकळं करायला फोनवर समुपदेशक, खवळलेल्या जमावाला कसं तोंड द्यायचं याचं शिक्षण, सक्तीची रजा. आणि मग हे स्वरछत्र. केंद्राच्या डॉ. शर्वरी मोघे पट्टी द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "कांचनताई, लोक शिवी माणसाला देत नाहीत, आवाजाला देतात. आवाज बदलला की शिवी थांबते. बघाच तुम्ही."

आणि खरंच थांबली. पट्टी गळ्याचा ताणही मोजायची. दर तपासणीला डॉक्टरबाई पडद्यावरची उतरती रेघ दाखवून खूश व्हायच्या. कांचनचं डोकं दुखायचं थांबलं. रात्री फोनच्या नुसत्या आवाजानं दचकून उठणं बंद झालं. दिलावरभाईंनी मात्र पट्टीला हात लावला नाही. "माझा एक कान गेलाय, आता आवाजही देऊ काय?" म्हणाले, आणि मुकाट्यानं शिफारसपत्रं लिहीत बसले.

तक्रार एकच होती, आणि ती कांचननं कुणालाच सांगितली नव्हती. पट्टी काढली की तिचा स्वतःचा आवाज तिला परका वाटायचा. बारीक, कधीही तुटेल असा. घरी नवऱ्याशी बोलताना वाक्य अर्ध्यात सुटायचं. भाजीवालीशी घासाघीस करायची सोडली होती तिनं. दिवसभर जी बाई साऱ्या तालुक्याला धीर द्यायची, तिला घरी आल्यावर 'मीठ कमी पडलंय' एवढंसुद्धा नीट म्हणता येईना. चिडचिड व्हायची नुसती, आणि कशाची ते कळायचं नाही.

सगळ्या फोनांत तिला आवडायचा तो इंदूबाईचा.

इंदूबाई कडाळे ही पाटाकडच्या वस्तीतली. वस्ती म्हणजे कालव्याच्या कडेची पत्र्याची घरं. द्राक्षबागांत आणि शेजारच्या कोल्ड स्टोरेजमध्ये कामाला जाणारी माणसं. वस्तीत इंदूबाई म्हणेल ती पूर्व दिशा. ती पहिल्यांदा रेशनकार्डासाठी फोनवर आली, 'आबा' स्वतः बोलले म्हणून हरखून गेली, आणि मग कामाशिवायच फोन करायला लागली. शेळीला करडू झालं, पत्रा उडाला, सून हसतच नाही. आणि एकदा अगदी हळू आवाजात, "आबा, भाऊ म्हनून सांगते, कुठं बोलू नका. गोरख पिऊन आला का हात उचलतो माझ्यावर. सख्ख्या आईवर. वस्तीला वाटतं मी पडते, धडपडते."

कांचनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "इंदूताई," ती आबांच्या आवाजात म्हणाली होती, "परत त्यानं हात उचलला तर मला फोन करा. कुठल्याही वेळी. मी आहे ना."

आणि इंदूबाईनं फोन केलेही होते. प्रत्येक वेळी कांचन तिच्याशी ती शांत होईपर्यंत बोलत राहायची. एकदा तर कांचननं आबांच्या आवाजात गोरखलाच फोनवर असा झाडला की पुढे बरेच दिवस त्यानं बाटलीला हात लावला नाही. गंमत बघा, हीच इंदूबाई एकदा कामानिमित्त कार्यालयात आली, तेव्हा दारात उभ्या असलेल्या कांचनला म्हणाली, "बाजूला हो गं. तुम्ही मधली लोकं भेटू देत नाही आबांना." कांचन गपचूप बाजूला झाली. दुसरं काय करणार होती?

गेल्या थंडीत एक भानगड झाली. कोल्ड स्टोरेजच्या मालकाला वाढीव बांधकामासाठी वस्तीची जागा हवी होती. कुणीतरी चोरट्या यंत्रावर आबांचा आवाज बनवून वस्तीत निरोप फिरवला: जागा सोडा, दुसरीकडे सोय करतो. बायाबापड्या भांडी बांधायला लागल्या. इंदूबाईचा घाबरा फोन आला. आबा होते लग्नांच्या दौऱ्यावर. तिकडे आपला आवाज चोरांच्या हाती लागला म्हणून त्यांची तणतण चाललेली. मग कांचननंच पट्टी लावून वस्तीसाठी निरोप बोलून पाठवला. तिला तो अजून शब्दन् शब्द पाठ होता:

"वस्तीतल्या माझ्या माणसांनो, कोणी म्हणालं घरं सोडा, तर हलू नका. माझं नाव घेतलं तरी हलू नका. माझ्या आवाजात सांगितलं तरी हलू नका. मी स्वतः येऊन तुमच्यासमोर उभा राहीन, तेव्हाच उठा. मी बसलोय ना."

आमदाराच्या कार्यालयात बोलायची ही रीतच असते. कुणाला नाही म्हणायचं नाही, कुणाला घाबरू द्यायचं नाही, आणि द्यायचा तर धीर भरभरून द्यायचा. आबांनी नंतर तो निरोप ऐकला आणि मांडीवर थाप मारली. "अगं, माझ्यापेक्षा तूच बरी बोलतेस!" वस्तीतल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये तो निरोप जपून ठेवलेला होता.

आणि आता, डीपीवाल्याचा फोन झाल्यावर थोड्याच वेळात, इंदूबाईचा फोन आला.

"आबा, वास येऊ राहिला. कोल्डकडून. झोंबतो नुसता. पोरांचे डोळे लाल झाले."

कांचनला ठाऊक होतं, शीतगृहात गारव्यासाठी अमोनिया वायू खेळवतात. नळी जराशी सैल झाली तरी नाकात सुया टोचल्यासारखं होतं. तिनं विचारलं, "कधीपासून, इंदूताई?"

"दोन-तीन दिस झाले. पयले थोडा होता. आता पान्याचा हंडा उघडा ठेवला तर पान्यालाबी वास लागतो."

"बोलतो मी मालकाशी. काळजी करू नका. काही होणार नाही. मी बसलोय ना."

तिनं लगेच कोल्डच्या मॅनेजरला, भामरेला फोन लावला. तो म्हणाला, "आबा, जुना जोड आहे, थोडा पाझरतो. सर्व्हिसिंगवाला सांगितलाय. उद्या येतोय." एवढ्यावर कांचनचं समाधान झालं. आबांचा आवाज ऐकल्यावर खोटं बोलायची कुणाची छाती होते? असं तिला वाटलं, आणि तिनं पुढचा फोन घेतला.

दिलावरभाई टेबलापलीकडून ऐकत होते. "पूर्वी असा फोन आला की आपण गाडी काढायचो," ते म्हणाले. "जाऊन उभं राहायचो. शिव्या खायचो, पण डोळ्यांनी बघायचो."

"आता फोनवर होतं की काम, भाई."

"होतं ना," ते म्हणाले आणि पत्र लिहायला लागले. कांचनला त्यांचा भयंकर राग आला, कारण ते बरोबर बोलत होते.

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत भामरेचा फोन आला. आवाज पार फाटलेला. "आबा! जोड उडाला! मोठी टाकी... माणसं बाहेर काढली मी. बंद होत नाहीये, आबा!"

पाठोपाठ तहसीलदारबाईंचा. त्यांना स्वरछत्राची माहिती होती, म्हणून त्या थेट म्हणाल्या, "कांचन, तूच ना? नीट ऐक. वायूचा ढग जमिनीलगत पसरतोय. गार आहे म्हणून वर उठत नाहीये. आत्ता वारा वस्तीकडून बागांकडे आहे, तिकडे माणूस नाही. पण दुपारी इथला वारा रोज फिरतो. फिरला की ढग सरळ वस्तीवर. अग्निशमनवाले निघालेत, जिल्ह्याहून यायचेत अजून. वस्ती रिकामी करायचीय आणि ही माणसं हलत नाहीयेत!"

"का?"

"का म्हणजे? फोन पुढे करतात. तुमच्या आबांचा निरोप ऐकवतात मला, म्हणे, माझ्या आवाजात सांगितलं तरी हलू नका. त्यांना वाटतंय, जागा लाटायला मालकानं मुद्दाम वास सोडलाय. कुठायत आबा?"

आबा विमानात होते, दिल्लीच्या वाटेवर. फोन बंद.  कांचननं पट्टी दाबून बसवली आणि इंदूबाईला फोन लावला.

"इंदूताई, मी आबा. ताबडतोब निघा तिथून. सगळ्यांना उठवा."

 पलीकडे इंदूबाईचा स्वर बदलला. भावाशी बोलतानाचा मऊपणा गेला आणि करारीपणा आला. "तू आबा नाहीस. आबा काल म्हनाले काही होनार नाही. आबांनी सांगून ठेवलंय, आवाजावर जाऊ नका. लबाडा, कुनाचं खातोस रे?"

"इंदूताई, अहो ऐका..."

फोन कट झाला. परत लावला. बंद.

कांचननं पट्टी ओढून काढली, खिशात कोंबली आणि उठली. खुर्ची मागे पडली तरी तिचं लक्ष नव्हतं. "भाई, गाडी."

दिलावरभाईंनी किल्ली आधीच हातात घेतली होती. निघता निघता त्यांनी कार्यालयातले टॉवेल, आबांच्या सत्काराच्या शाली, सापडतील तेवढी फडकी पाण्याच्या बादलीत बुचकळून गाडीत टाकली. "पाण्यात विरघळतो हा वायू," ते म्हणाले. "ओलं फडकं तोंडाला धरलं तर थोडा तग धरता येतो." वाटेत कांचन सारखी खिडकीबाहेर बघत होती, झाडांची पानं कुठल्या बाजूला झुकतायत ते. ज्या भागाला ती आजवर फोनवरून नुसता आवाज देत होती तो आता समोर यायला लागला होता, आणि तिच्या मनात एकच विचार फिरत होता: हलू नका असं मीच सांगितलंय. बाकी कुणी नाही, मी.

वस्तीच्या तोंडाशी तहसीलदारबाई कर्णा घेऊन घसा फोडत होत्या. माणसं ओट्यांवर बसून होती, हट्टानं. काहींनी दारांना आतून कड्या घातल्या होत्या. पोरं रडत होती. कोल्डच्या बाजूला पांढरट धुकं जमिनीवर लोळत होतं, आणि अजून तरी ते पलीकडे सरकत होतं.

"अहो, उठा! वारा फिरेल आता!" कांचन ओरडली. निदान तिला वाटलं ती ओरडली. बाहेर पडला तो चिरका, अर्धवट आवाज. दोन-चार माणसांनी मान वळवली, बस्स.

इंदूबाई आपल्या दारात उभी होती. तिनं कांचनला ओळखलं. "ही बघा, हापिसातली मधली बाई. आता हिला पाठवलं. आबा कुठंयत? आबा म्हनाले होते समोर येऊन उभा राहीन."

कांचन सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "इंदूताई, ते मी म्हणाले होते."

"काय?"

"थंडीतला निरोप माझा आहे. काल 'काही होणार नाही' म्हणाले तीही मी. आबांना कालचं काहीच माहीत नाही. तुम्ही ज्यांच्याशी बोलायचात ते आबा नव्हतेच. मी होते."

इंदूबाई हसली. तुच्छतेनं. कांचननं मग पुढे होऊन तिच्या कानाशी तोंड नेलं आणि अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये असं, गोरखबद्दल सांगितलं. तो हात उचलतो ते. ती पडते-धडपडते असं वस्तीला वाटतं ते.

इंदूबाईचा चेहरा पांढरा पडला. मग एकदम लाल झाला. "आबांनी सांगितलं तुला? माझ्या भावानं हे तुला सांगितलं?"

अरे देवा! कांचनला वाटलं, डोकं आपटून घ्यावं. खरं सांगितलं तर भाऊ खोटा ठरत होता, आणि नाही सांगितलं तर भाऊ चहाडखोर. माणसं उठून जवळ यायला लागली होती. आणि तेवढ्यात कडुनिंबाची पानं सळसळली आणि थांबली. वारा पडला होता. आता तो फिरणार होता.

कांचननं खिशातून पट्टी काढली आणि सगळ्यांसमोर गळ्याला लावली.

"इंदूताई," तिच्या तोंडून आबा बोलले. तोच घोगरा आवाज, तोच वाक्याआधीचा श्वास. "मीच आहे. गोरखला फोनवर झाडला तो मीच. हलू नका म्हणाले तीही मीच. चुकलं माझं. आता म्हणते, उठा. हात जोडते, उठा."

एक म्हातारी किंचाळली. कुणीतरी "भूत!" म्हणालं. बाईच्या ओठांतून आमदाराचा आवाज येताना बघून पोरं रडायची थांबली. इंदूबाई एक पाऊल मागे सरली, भिंतीला टेकली आणि कांचनच्या गळ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. घरातलं माणूस गेल्याचं कळल्यावर असतं तसं काहीतरी होतं, आणि ते कांचनला बघवेना.

मग इंदूबाईनं पदर खोचला. "उठा रे सगळे!" तिचा स्वतःचा, खणखणीत आवाज वस्तीभर गेला. "पोरं काखेत घ्या. भांडी ऱ्हाऊ द्या. उठा म्हन्ते ना!"

वस्ती उठली. दिलावरभाई ओल्या शाली वाटत सुटले. "वाऱ्याला आडवे पळा, कालव्याच्या बाजूनं! मागे बघू नका!" सत्काराच्या भरजरी शालींनी तोंडं झाकून माणसं कालव्याच्या बांधावरून पळत होती. वारा फिरला. पांढरं धुकं पत्र्यांच्या घरांमध्ये शिरलं, आणि आता डोळे उघडे ठेवणं अशक्य झालं. कांचनचा घसा आतून सोलून निघत होता.

बांधावर पोचल्यावर इंदूबाईनं आजूबाजूला बघितलं. ती ओरडली, "गोरख! घरात निजलाय. पिऊन."

ती मागे धावली तशी कांचननं तिला कमरेला घट्ट धरलं. इंदूबाईनं तिला नखांनी ओरबाडलं, शिव्या दिल्या, पण कांचननं सोडलं नाही. दिलावरभाई आणि तेवढ्यात पोचलेला एक अग्निशमनवाला मुखवटा लावून आत गेले. खूप वेळ गेला असं वाटलं. मग ते गोरखला दोन्ही काखांत धरून ओढत घेऊन आले. तो खोकत होता, ओकत होता. जिवंत होता.

वस्तीतलं कुणी दगावलं नाही. काही जण दवाखान्यात राहिले, गोरख त्यांतलाच. फुप्फुसं भाजली होती, पण बरा होईल असं डॉक्टर म्हणाले. दिलावरभाई दोन दिवस खोकत राहिले आणि तरी पत्रं लिहीत राहिले.

गोष्ट मात्र वणव्यासारखी पसरली. साऱ्या तालुक्यात एकच प्रश्न: आपण फोनवर कुणाशी बोलत होतो? आबा दिल्लीहून आले ते थेट वस्तीत गेले, माणसांसमोर उभे राहिले आणि नेहमीच्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "हं, बोला."  गर्दीतून एक जण म्हणाला, "पट्टी काढा आधी." आबांनी कॉलर उघडून मोकळा गळा दाखवला, तरी माणसं एकमेकांकडे बघत राहिली. एका बाईनं पुढे होऊन चक्क त्यांच्या गळ्याच्या घाटीला हात लावून बघितला. आबा घरी येऊन कुणाशीही न बोलता झोपले.

चौकशी बसली. मॅनेजर, मालक, सुरक्षा तपासणी, जे व्हायचं ते सुरू झालं. डॉ. मोघे कांचनला भेटायला आल्या. "तुमच्यावर काही बालंट येऊ देणार नाही," त्या म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या. "पाठबळ केंद्र पाठीशी आहे. चूक रचनेत होती. माणसावर एवढं ओझं टाकायलाच नको होतं. नव्या रचनेत यंत्रच थेट बोलेल. गळाही लागणार नाही, माणूसही लागणार नाही. तुम्हाला ताण नावालाही उरणार नाही."

"माणूसच नाही, तर पाठबळ कुणाला देणार, डॉक्टर?" कांचननं विचारलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला. त्या म्हणाल्या, "पण त्या दिवशी तुम्हाला कुणी मारलं असतं तर? दिलावरभाईंचा कान गेला, ते खरं नव्हतं का?"

खरंच होतं. तेच तर कांचनला स्वस्थ बसू देत नव्हतं. पट्टी वाईट होती म्हणावं, तर तिनं तिला जगवलं होतं. चांगली म्हणावं, तर तिनं अख्खी वस्ती मरणाच्या दारात बसवली होती. डॉक्टरबाई गेल्यावर ती कितीतरी वेळ येरझाऱ्या घालत राहिली. लोकांचे फोन वाजत होते, आणि फोन उचलला की पहिला प्रश्न तोच यायचा: कोण बोलतंय? ती आपलं नाव सांगायची. बरेच जण शिव्या द्यायचे. ती ऐकून घ्यायची, आणि मग काम विचारायची. डोकं पुन्हा दुखायला लागलं होतं.

इंदूबाईचा फोन आला तेव्हा कांचननं तो वाजू दिला. मग उचलला.

"कोण बोलतंय?"

"कांचन. कांचन बोरस्ते."

"पट्टी?"

"नाहीये."

पलीकडे दवाखान्याच्या आवारातला गलका ऐकू येत होता.  इंदूबाई म्हणाली, "गोरखला उद्या घरी सोडू राहिले."

"बरं झालं, इंदूताई."

"चांगला वागतो आता. हात जोडतो. पन मला म्हाईत आहे ना तो." मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझी ती गोष्ट. आबांना म्हाईत आहे?"

"नाही. आबांना मी कधीच सांगितली नाही. कुणालाच नाही."

"म्हंजे त्यांना माझं नावबी ठावं नसंल."

कांचनला खोटं बोलता आलं असतं. धीर द्यायची एवढ्या वर्षांची सवय जिभेवर आलीच होती. तिनं ती गिळली. "नाही," ती म्हणाली.

"हं." इंदूबाईनं नाक ओढलं. रडत होती की नुसता वायूचा त्रास होता, कळत नव्हतं. "मला राग आला तुझा. अजून आहे. तोंड बघावंसं वाटत नाही. पन एक इचारते, खरं सांग. उद्या त्यानं परत हात उचलला, तर मी फोन करायचा कुनाला?"